रानातली अळंबी आणताय? आधी या चुका टाळा

आषाढात पावसाने जोर धरला की आमच्या कुडाळकडे सगळ्यांचे डोळे वारुळांकडे लागतात, कुठे आली, कोणाला गावली, एवढाच विषय. पण हल्ली सुट्टीला आलेली मंडळी मोबाईल हातात घेऊन दिसेल ती छत्री उपटताना दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून लिहायला बसले.

पहिली चूक म्हणजे नुसती वरची छत्री बघून ठरवणं. लहानपणी आत्येबरोबर जायचे तेव्हा मी हात लावला रे लावला की ती ओरडायची, "उपटू नको, मूळ खंय जाता ता बघ आधी." मग कोयत्याच्या टोकाने माती हळूहळू बाजूला करायची, देठ बारीक बारीक होत खाली जात राहायचा, कधी वीतभर तर कधी हातभर, पार वाळवीच्या घरापर्यंत. कारण ही अळंबी वाळवीच पोसते, जमिनीखाली तिची बुरशीची शेती असते, म्हणून तर ती धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही आणि गोव्यात रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या, अळमीला एवढा भाव येतो. छत्रीच्या मधोमध टोक, खाली लांब मूळ, जागा वारुळाची, हे सगळं जुळायला हवं. आणि जुळलं तरी ती जागा आधीपासून माहीत असलेलं माणूस सोबत हवंच, कारण लांब मूळ दुसऱ्याही काही अळंब्यांना असतं, आणि वारुळावर शितांसारखी बारीक बारीक उगवते तिला तर तसं मूळच नसतं.

उपटताना मूळ तुटलं किंवा बुंध्याशी अंड्याच्या टरफलासारखी पिशवी दिसली तर सरळ टाकून द्या. अतिविषारी जातींची ती खूण आहे आणि ती नेमकी मातीत राहते, म्हणून वरून कापून आणू नका.

दुसरी चूक सोसायटीच्या लॉनवरची. पुण्यात आमच्या शेजाऱ्यांनी पांढऱ्या मोठ्या छत्र्या, वर तपकिरी खवले, देठाला कडं, अशा आणून भाजी केली आणि दोन तासांत घरातले तिघंही उलट्या-जुलाबांनी आडवे, सलाईन लावावं लागलं. हिरव्या बीजाणूंची एक जात गवतात अशीच उगवते, कोवळी असताना खालच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र असतात त्यामुळे माणूस फसतो. छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाका, सकाळी हिरवट भुकटी पडली तर ती हीच. आपल्या वारुळावरच्या अळंबीची भुकटी फिकट गुलाबी पडते. पण नुसती गुलाबी पडली म्हणून खाऊ नका, तसल्या विषारी पण असतात.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळी होते का, किडे लागलेत का, या परीक्षा कृपा करून सोडा, एकही खरी नाही. गोगलगाय खाते ते आपल्याला चालेलच असं नाही. उकळून पाणी टाकलं की विष जातं हेही खोटं, सगळ्यात घातक विष उकळून, वाळवून, फ्रीजमध्ये ठेवून तसंच राहतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसाममध्ये रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले, बहुतेक चहाच्या मळ्यांतली माणसं, शहरातले हौशी नव्हेत. मोबाईलमधलं ॲप किंवा ग्रुपवर टाकलेला फोटो यावर तर अजिबात जाऊ नका, फोटोत मूळ दिसत नाही.

आणि त्रास झाला तर वाट बघायची चूक करू नका. घातक जातींचा त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मग मधे एक दिवस बरं वाटतं आणि आतून लिव्हर निकामी होत असतं. उशिरा उलट्या सुरू झाल्या तर बरं वाटायची वाट न बघता १०८ ला फोन करा. म्हणूनच दरवेळी एक अख्खी अळंबी मुळासकट कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची, डॉक्टरांना दाखवायला.

आता घरातलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणू नका. मी एकदा गावाहून पुण्याला तशीच आणली, पिशवीत घाम धरून सगळी बुळबुळीत, किलोभर फेकावी लागली आणि रडूच आलं. पानात नाहीतर टोपलीत आणा आणि त्याच दिवशी शिजवा. पाण्यात भिजत घालू नका, ती पाणी पिते. मुळाची माती सुरीने खरवडायची, भराभर धुवायची. कांदा परतून मालवणी मसाला घातला की अळंबी टाका, पाणी घालू नका, तिचंच सुटतं, ते आटेपर्यंत चांगली पंधरा-वीस मिनिटं शिजवा, कच्ची-अर्धी नको. मग ओल्या नारळाचं वाटण आणि शेवटी कोकम. लसूण जास्त घालू नका, वास मारते. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-चार घासच खायचे, लहान मुलांना तर नकोच.

वारूळ मात्र फोडायचं नाही. आत्ये कळ्या तशाच ठेवायची, काही उमललेल्या पण सोडायची आणि उकरलेली माती पायाने परत सारून ठेवायची. ते वारूळ अजून आहे, गेल्या श्रावणात तिथेच टोपली भरली.