समुद्रतळावरील वेलहेडला धातूच्या थकव्यापासून कसे जपावे

मुंबई हायमध्ये बहुतेक विहिरी समुद्रतळात पाय रोवलेल्या प्लॅटफॉर्मवरून चालतात आणि तेथे बीओपी, म्हणजे विहिरीचा दाब अनावर झाल्यास तिचे तोंड बंद करणारी झडपांची जड उतरंड, पाण्याच्या वर असते. खोल समुद्रात तरंगत्या रिगवरून खोदकाम करताना मात्र हाच बीओपी समुद्रतळावरील वेलहेडच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडावरील पोलादी बांधणीच्या, डोक्यावर बसतो आणि रायझरच्या लांब नळाने वरच्या रिगशी जोडलेला राहतो. लाटांनी रिग हलली की रायझर हलतो, त्याच्यामागे बीओपी झुलतो आणि प्रत्येक हेलकाव्याला वेलहेड किंचित वाकून पुन्हा सरळ होते. आठ सेकंदांची लाट धरली, तर दिवसाला 10,800 आणि साठ दिवसांत 6,48,000 हेलकावे होतात. वेल्डच्या कडेला, जेथे थिजलेला धातू मूळ पाइपला मिळतो, तेथील बारीक खाचेत ताण एकवटतो आणि तडा बहुधा तेथूनच सुरू होतो. वारंवार वाकून असा तडा जाणे म्हणजेच धातूचा थकवा.

वेल्डच्या बाबतीत नुकसान साधारणपणे ताणाच्या तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे ताण 20 टक्क्यांनी कमी केला, तर नुकसान जवळजवळ निम्म्यावर येते. बीओपी जोडलेले दिवस 20 टक्क्यांनी कमी केले, तर ते फक्त 20 टक्क्यांनीच घटते. त्यामुळे आधी ताणाकडे पाहावे.

विहीर अजून कागदावर असेल, तर जाड भिंतीचा कंडक्टर, म्हणजे विहिरीचा सर्वांत बाहेरचा पाइप, घ्यावा, वेलहेडजवळचे वेल्ड आतून-बाहेरून घासून सपाट करून घ्यावेत आणि जेथे वाक सर्वाधिक येतो तेथे वेल्ड किंवा जोड येणार नाही अशी आखणी करावी. कंडक्टर आणि त्याच्या आतला पाइप, म्हणजे केसिंग, यांच्यामधले सिमेंट कोठवर चढले, हे गृहीत धरू नये. ते काही मीटर खाली राहिले, तर केसिंगला वाकण्यास मोकळीक मिळते आणि सर्वाधिक ताणाची जागाच बदलते. म्हणून विश्लेषणात एकच आकडा न घेता सिमेंटच्या वेगवेगळ्या पातळ्या तपासाव्यात.

जुन्या विहिरीत यातले काहीच बदलता येत नाही, आणि माझ्या मते खरी काळजी तिचीच घ्यावी लागते, कारण ती हलक्या बीओपीसाठी बांधलेली असते आणि आजच्या रिगवरचे बीओपी अधिक उंच व वजनदार असतात. अशा वेळी शक्य असल्यास लहान बीओपी असलेली रिग निवडावी. तेही जमत नसेल, तर बीओपीच्या वरच्या भागापासून समुद्रतळावरील नांगरांपर्यंत ताणलेले दोर बांधावेत. तंबूच्या दोरांप्रमाणे ते बीओपीचे झुलणे रोखतात आणि वेलहेडवर येणारा वाक मोठ्या प्रमाणात कमी होतो. जोराचा प्रवाह असलेल्या ठिकाणी रायझरमागे भोवरे सुटून तो थरथरतो. तेथे रायझरवर भोवरे मोडणारी आवरणे चढवावीत.

त्यानंतर दिवसांचा हिशेब करावा. काम शांत हवामानाच्या हंगामात बसवावे आणि सामानाची नुसती वाट पाहायची असेल, तर विहीर सुरक्षित करून बीओपी सोडवता येतो का, ते तपासावे.

समुद्रातील बांधकामांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या डीएनव्ही या संस्थेची आरपी-ई104 ही शिफारस वेलहेडच्या थकव्याच्या विश्लेषणासाठीच लिहिलेली आहे. हिशेब तिच्या पद्धतीने करावा. तरीही गणित आणि समुद्र यांत अंतर राहते, म्हणून बीओपीवर हालचाल मोजणारे सेन्सर लावावेत. कोणती रिग किती दिवस जोडली होती, समुद्र कसा होता आणि त्यात किती आयुष्य खर्ची पडले, याची नोंद प्रत्येक विहिरीच्या नावाने ठेवावी. वीस-पंचवीस वर्षांनी विहीर कायमची बंद करताना पुन्हा बीओपी बसवावा लागतो, आणि ते वेलहेड किती दिवस पेलू शकेल हे त्या वेळच्या अभियंत्यांना या नोंदीवरूनच ठरवावे लागते.