व्हॅनिला घेताना, वापरताना आणि पावसाळ्यात सांभाळताना : या चुका टाळा

क्रॉफर्ड मार्केटात केकचं सामान विकणाऱ्या दुकानात नुसतं ‘व्हॅनिला द्या’ म्हटलं, तर काउंटरवर चार वेगळ्या वस्तू येऊ शकतात. इसेन्सची छोटी बाटली, तिच्यापेक्षा कितीतरी महाग एक्स्ट्रॅक्ट, काळ्या ठिपक्यांची पेस्ट आणि काचेच्या नळीतल्या एक-दोन शेंगा. नाव एकच, पण वस्तू चार. केक कडवट झाला, कस्टर्डला वासच आला नाही, महागाच्या शेंगांना बुरशी लागली, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ चुकीची वस्तू चुकीच्या जागी वापरण्यात किंवा ठेवण्यात असतं.

बाटलीचं तोंड वाचणं, पाठ न वाचणं

पुढच्या बाजूला ‘प्युअर’, ‘प्रीमियम’, ‘रिअल’ यातलं काहीही छापलेलं असो, बाटली आधी उलटी करा. घटकांच्या यादीत पाणी, प्रॉपिलीन ग्लायकॉल (लेबलवर आयएनएस १५२० हा खाद्यपूरक घटकाचा क्रमांक), कॅरॅमल रंग (आयएनएस १५० आणि पुढे एखादं अक्षर) आणि ‘नेचर आयडेंटिकल’ (नैसर्गिक वासद्रव्यासारखंच, पण कारखान्यात बनवलेलं) किंवा ‘आर्टिफिशियल फ्लेवरिंग’ असे शब्द असतील, तर हातात इसेन्स आहे. त्यातला वास व्हॅनिलिनचा किंवा इथाइल व्हॅनिलिनचा असतो.

व्हॅनिलिन म्हणजे विष नव्हे. शेंगेतही मुख्य वास त्याचाच. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. आज बाजारातलं बहुतेक व्हॅनिलिन पेट्रोरसायनांपासून मिळणाऱ्या ग्वायकॉल या रसायनापासून तयार होतं. फरक इतकाच, की नीट मुरवलेल्या शेंगेत व्हॅनिलिन वजनाच्या साधारण २ टक्के असतं आणि त्याच्या जोडीला दोनशेहून अधिक इतर वासद्रव्यं असतात. इसेन्समध्ये एकच सूर लागतो, शेंगेत सगळा मेळा असतो. (बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथीतून व्हॅनिला इसेन्स काढतात, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना निरोप सोडून द्या. तो स्राव इतका दुर्मिळ आणि महाग आहे, की स्वस्त इसेन्समध्ये घालणं कुणालाच परवडणार नाही.)

खऱ्या एक्स्ट्रॅक्टची यादी छोटी असते : व्हॅनिला शेंगांचा अर्क, अल्कोहोल, पाणी, कधी थोडी साखर. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं, आणि एका लिटरला साधारण १०० ग्रॅम शेंगा. हा आकडा लक्षात ठेवला की किमतीचा हिशेब आपोआप कळतो. व्हॅनिलाच्या वेलीवरचं फूल एकच दिवस उमलतं आणि मेक्सिकोबाहेर परागीभवन हातानेच करावं लागतं. ही युक्ती १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. पुढे शेंग पिकायला आठ-नऊ महिने, मग गरम पाण्यात बुडवणं, घाम काढणं, वाळवणं, मुरवणं यात आणखी काही महिने. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून जेमतेम एक किलो मुरलेली शेंग हाती येते. म्हणजे लिटरभर अर्कामागे अर्धा किलोहून जास्त हिरवी शेंग. ‘शुद्ध’ म्हणून विकली जाणारी बाटली इसेन्सच्याच भावात मिळत असेल, तर हे गणित जुळत नाही.

‘बोर्बन व्हॅनिला’ वाचून त्यात बोर्बन नावाची व्हिस्की आहे असं समजू नका. रियुनियनचं जुनं नाव इल बोर्बन, त्यावरून ते नाव पडलं. मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरच्या शेंगेला आजही तेच म्हणतात.

देशी शेंग नाकारणं

कर्नाटक आणि केरळात सुपारी-कॉफीच्या बागांतून व्हॅनिला होतो. २००० नंतर जगभर भाव चढले तेव्हा अनेकांनी वेली लावल्या, भाव कोसळल्यावर कित्येकांनी काढून टाकल्या. जे टिकले त्यांची शेंग मादागास्करच्याच जातीची, व्हॅनिला प्लॅनिफोलिया. चव देशापेक्षा मुरवणीवर अवलंबून असते. ताहितीची शेंग मात्र वेगळीच : व्हॅनिलिन कमी, वास फुलांचा आणि किंचित बडीशेपेसारखा. ती घेऊन ‘नेहमीचा वास येत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

शेंग बोटाभोवती गुंडाळून पाहा. न तुटता वाकली, पृष्ठभागावर हलकी तेलकट चमक असली, तर चांगली. कडक, लाकडासारखी असेल तर वाळलेली. ओली चिकट असेल तर पुरेशी वाळवलेली नाही, ती आधी बुरसटेल. लांबीवर दर्जा ठरवू नका. चोरीच्या भीतीने वेळेआधी तोडलेली लांबलचक शेंगही वासाला फिकी निघते.

शेंगा फ्रीजमध्ये ठेवणं

मुंबईत सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. फ्रीजची कोरडी हवा शेंगेतला ओलावा ओढून घेते, शेंग काष्ठ होते. जुलैत तीच बरणी बाहेर काढून उघडली, की बाहेरची दमट हवा थंड शेंगेवर दवासारखी साचते. परत फ्रीजमध्ये गेली की बुरशीला हवं ते सगळं मिळालं.

शेंगा मेणकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या नळीत किंवा बरणीत ठेवा, आणि ती बरणी स्टीलच्या डब्यात. डबा गॅसपासून, खिडकीपासून, फ्रीजच्या गरम पाठीपासून दूर, खालच्या कपाटात. प्लॅस्टिकची डबी नको, ती वास पिते. सादळू नये म्हणून तांदूळ किंवा सिलिकाची पुडी टाकण्याची सवय इथे उलटी पडते. बिस्किटं कोरडी हवीत, शेंग मऊ हवी.

पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा बरणी उघडून पाहा, तीही बाहेर धो-धो चालू असताना नको. शेंगेवर पांढरं काही दिसलं, तर टाकण्याआधी मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. सुईसारखे चमकणारे कोरडे स्फटिक असतील, तर ते शेंगेतून वर आलेलं व्हॅनिलिन आहे. पांढरट-राखी किंवा हिरवट, निस्तेज, कापसासारखं असेल आणि कोंदट वास येत असेल, तर ती बुरशी. बुरशी बहुतेकदा टोकाशी किंवा जुडीच्या आतल्या बाजूला सुरू होते. पुसून, व्होडकात धुऊन शेंग वाचवायला जाऊ नका. ती फेकून द्या. बाकीच्या शेंगा सुट्या करून आठवडाभर वेगळ्या ठेवा.

काष्ठ झालेली शेंग मात्र वाया जात नाही. कोमट दुधात अर्धा तास भिजवली की चिरण्याइतकी मऊ होते. अगदीच कडक असेल तर मिक्सरमध्ये पूड करा.

एक्स्ट्रॅक्टलाही फ्रीज नको. गारठ्यात ते गढूळ दिसतं, बिघडत नाही, पण फायदाही काही नाही. गडद बाटली, अंधारं कपाट आणि घट्ट बूच पुरेसं. गॅसशेजारच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीतला वास मात्र महिन्या-महिन्याने उतरत जातो.

घरच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये शेंगांची कंजुषी

बाटलीभर व्होडकात दोन शेंगा टाकून वर्षभर वाट पाहिली, तरी हाती येतं तपकिरी व्होडकाच. २५० मिली व्होडकाला २५ ग्रॅम शेंगा लागतात, मध्यम आकाराच्या आठेक. आपल्याकडची व्होडका साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलची असते, ती या कामाला योग्य. (घरात ठेवायची तर महाराष्ट्रात परमिटचा नियम आहेच.) शेंगा उभ्या चिरा, तुकडे करा आणि सगळे बुडतील असं पाहा. आठवड्यातून एकदा हलवा. दोन महिन्यांनी केकपुरतं चालतं, खरी गोलाई सहा महिन्यांनी येते. वापराल तेवढी नवी व्होडका ओतत राहिलात, तर अर्क पातळ होत जातो. सोबत नवी शेंगही टाका.

चुलीवर आणि ओव्हनमध्ये

कस्टर्ड किंवा आइस्क्रीमच्या दुधात एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीलाच घातलं, तर वास वाफेबरोबर घरभर जातो, वाटीत राहत नाही. गॅस बंद केल्यावर घाला. शेंग असेल तर उलट : चिरून, गर खरवडून, सालासकट गरम दुधात वीस मिनिटं झाकून ठेवा. नुसते काळे दाणे काढून साल टाकणं म्हणजे आंबा टाकून कोय चोखणं. वास दाण्यांभोवतीच्या गरात आणि सालाच्या आतल्या भागात असतो. म्हणूनच पेस्टमधले काळे ठिपके शुद्धतेचा पुरावा नाहीत. अर्क काढून निःसत्त्व झालेले दाणेही ठिपक्यांसाठी विकले जातात.

केक कडवट, औषधासारखा लागला, तर इसेन्स जास्त झालंय. अर्ध्या किलोच्या केकला अर्धा छोटा चमचा इसेन्स पुरतं. एक्स्ट्रॅक्ट असेल तर एक चमचा. इथाइल व्हॅनिलिन साध्या व्हॅनिलिनच्या साधारण तिप्पट तीव्र असतं, त्यामुळे ‘थोडं अजून’ इथे महागात पडतं. पीठ अजून ओव्हनमध्ये गेलं नसेल तर कोको घालून चॉकलेट केक करा.

वितळलेल्या चॉकलेटात चमचाभर एक्स्ट्रॅक्ट ओतलं की चॉकलेट घट्ट, रवाळ होतं. दोष त्यातल्या पाण्याचा. आधी क्रीममध्ये मिसळा, मग चॉकलेट घाला. पांढरं आयसिंग पिवळट दिसतंय, तर तो अर्काचा रंग. लग्नाच्या केकला पांढराशुभ्र रंगच हवा असेल, तर पारदर्शक कृत्रिम व्हॅनिला वापरा. त्यात कमीपणा नाही.

नानकटाई, चॉकलेट केक, वेलची घातलेलं श्रीखंड यात महागाचा अर्क ओळखूही येत नाही. तिथे इसेन्स चालतं. पैसे खर्च करायचे ते कस्टर्ड, आइस्क्रीम आणि साध्या बटर केकवर.

ऑर्डरचे केक करणाऱ्यांनी एक प्रश्न आधीच विचारावा : अल्कोहोल चालेल का? जैन किंवा मुस्लिम ग्राहकांना चालत नसेल, तर ‘भाजताना उडून जातं’ हे उत्तर देऊ नका. भाजताना सगळं उडत नाही, आणि न शिजवलेल्या क्रीममधलं तर तसंच राहतं. ग्लिसरीनमधला व्हॅनिला किंवा निव्वळ शेंगेची पूड वापरा. पूड घेतानाही पाठ वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरीची पूड) यादीत पहिलं असेल तर शेंग त्यात नावापुरतीच.

दुधात उकळलेली साल धुऊन, साखरेला व्हॅनिलाचा वास यावा म्हणून साखरेत टाकायची असेल, तर आधी कडकडीत वाळू द्या. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून केक काढल्यावर कोमट राहिलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. वाकवल्यावर मोडली की तयार. पाव किलो साखरेला एक साल पुरते. ओलसर राहिली तर दोन दिवसांत साखरेचा दगड होतो.