तीस सेकंदांचा उजेड, आठ दिवसांची तयारी

बेळगावात एम.एस्सी.ला होते तेव्हा खानापूरहून आईचा फोन यायचा, "काय करायलीस गं दिवसभर तिथं?" मी म्हणायचे, खरवस. दिसायला आमचं जेल खरवसापेक्षा नितळ, पण थरथर तशीच. एकदा तिनं विचारलं, जिलेटिन कशाचं असतं? आमच्या बाटलीतलं डुकराच्या कातड्याचं होतं, तसं सांगितलं. त्यानंतर सुट्टीला घरी गेले की आधी आंघोळ, मग चहा.

पेशी वाढवायला उजेडानं घट्ट होणारी जेल बनवायची, हे आमचं काम. या वाटेला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

नुसतं जिलेटिन थंडीत गोठतं आणि ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये पाणी होतं. पेशींना तर ३७ अंशच लागतात. म्हणून जिलेटिनच्या साखळ्यांना मेथाक्रिलॉइल गट जोडतात. तेच जेलमा (GelMA). त्यात फोटोइनिशिएटर, म्हणजे उजेड पडला की जोडणी सुरू करून देणारं रसायन, मिसळून उजेड दिला की साखळ्या एकमेकींत गुंततात आणि जेल उबेतही टिकतं. पेशींना चिकटायला लागणाऱ्या जिलेटिनमधल्या जागा बऱ्याच अंशी शाबूत राहतात, हा त्याचा मोठा गुण.

उजेडाचं काम अर्ध्या मिनिटाचं. त्याआधीचा आठवडा कुणी सांगत नाही. जिलेटिन ५० अंशांवर विरघळवायचं, मेथाक्रिलिक अनहायड्राइड थेंब थेंब सोडायचं, काही तास ढवळायचं. मग डायलिसिसच्या पिशवीत (तिच्यातून नको असलेले लहान रेणू बाहेर पाण्यात जातात, जेलमा आत राहतं) भरून ४० अंशांच्या पाण्यात पाच ते सात दिवस, आणि पाणी रोज दोनदा बदलायचं. आमच्या लॅबमधले मामा कानडीत हसत विचारायचे, हे लोणचं कधी मुरणार? एका रविवारी मी पाणी बदललंच नाही. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. त्या बॅचमध्ये घातलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी गोल होऊन तरंगत होत्या. उरलेलं मेथाक्रिलिक आम्ल पेशींना मारतं. उग्र वास येतोय तोवर तर पिशवी पाण्याबाहेर काढूच नका.

पुढची पायरी फ्रीझ ड्रायर, म्हणजे गोठवून सुकवायचं यंत्र. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलवर काम करायचं आणि लाईटच जायची! पावसाळ्यात पहाटे केव्हातरी गेली, आणि सकाळी फ्लास्कमध्ये पांढऱ्या कापसाऐवजी चिकट गोळा. तुमच्याकडे फ्रीझ ड्रायर यूपीएसवर आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. मी तिसऱ्या महिन्यात विचारलं.

पण माझी खरी फजिती वेगळीच. एका पेपरात "३० सेकंद" वाचलं आणि तसंच केलं. जेल पाणीच. एक मिनिट दिलं, पाणीच. पाच मिनिटं दिलं, तरी पाणीच. दोन दिवस मी जेलमाला दोष देत बसले. शेवटी एका सीनियरनं बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं. इनिशिएटर इर्गाक्युअर २९५९, तो ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांवर चालतो. माझा दिवा ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. तो उजेड या इर्गाक्युअरला जवळपास दिसतच नाही! ४०५ ला एलएपी (LAP) हा दुसरा इनिशिएटर लागतो. तो पाण्यात सहज विरघळतो, शिवाय त्यामुळे पेशींना अतिनील किरणांपासून दूर ठेवता येतं. महाग आहे, म्हणून थोडाच मागवा आणि ट्यूबला फॉइल गुंडाळा, नाहीतर टेबलावरच काम सुरू होईल.

एलएपी आल्यावर उत्साहात तीन मिनिटं उजेड दिला. जेल रबरासारखं झालं आणि आतल्या बऱ्याच पेशी मेल्या. सेकंद मोजून भागत नाही, नमुन्यापर्यंत किती उजेड पोचतो ते मोजावं लागतं. प्रति चौरस सेंटिमीटर १० मिलिवॉट ३० सेकंद दिले तर ३०० मिलिज्यूल, ५ मिलिवॉट दिले तर त्याच मात्रेला एक मिनिट. दिवा थोडा वर सरकवला तरी आकडा घसरतो. मीटर घ्याल तो आपल्या तरंगलांबीचाच घ्या. आणि वरचा थर बोटाला चिकट लागला तर घाबरू नका, साखळ्या जोडणारे रॅडिकल (उजेडानं इनिशिएटरमधून निघणारे चपळ तुकडे) हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवा, काम होतं.

आता प्रवेशाचं. बायोटेक, फार्मसी, रसायनशास्त्र, दंतवैद्यक, कुठूनही येता येतं. 'गेट'ला २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे. जेआरएफला, म्हणजे संशोधन करताना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. बेळगावकरांची सोय अशी की रात्री गाडीत बसलं की सकाळी बंगळूर, दुसऱ्या बाजूला पुणं त्याहून जवळ. मराठी माध्यमातून आलात म्हणून बुजू नका. मात्र कामापुरतं कानडी शिका. ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) कधी रिकामा होणार हे आमच्या मामांइतकं नेमकं कुणालाच माहीत नसायचं.

पीएच.डी.च्या मुलाखतीत मी जेलचे छान फोटो दाखवत होते. समोरच्या बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "दिवा कोणत्या तरंगलांबीचा?" मी इर्गाक्युअरचे ते दोन दिवस सांगितले. पुढची वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो, फोटो तसेच राहिले.