सेतोउचीची कलाबेटं गाइडसोबत पाहताना: आधी बोट, मग कलाकृती

सेतोउची ट्रिएनाले हा समकालीन कलेचा उत्सव जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात दर तीन वर्षांनी भरतो. २०१० मध्ये तो सुरू झाला आणि २०२५ मध्ये त्याची सहावी आवृत्ती झाली. कलाकृती एका संकुलात नसतात. डझनभर बेटांवर आणि किनाऱ्यावरच्या बंदरांत त्या विखुरलेल्या असतात: ओस पडलेल्या घरांत, बंद झालेल्या शाळांत, भातखाचरांच्या कडेला, धक्क्यावर. बहुतेक ठिकाणं सकाळी साडेनऊ-दहाला उघडतात आणि दुपारी साडेचारच्या सुमारास बंद होतात. म्हणजे हातात जेमतेम सात तास, आणि त्यातला बराच वेळ पाण्यावर जातो. म्हणून आवडत्या कलाकृतींची यादी घेऊन दिवस आखायला बसू नका. आधी बोटींचं वेळापत्रक समोर ठेवा आणि त्यात काय बसतं ते पाहा. गाइडसोबतची सहल घ्यायची की नाही, हा प्रश्नही इथेच सुटतो.

सहल कुठे घ्यावी, कुठे नको

नाओशिमा बेटासाठी सहल घेऊ नका, असंच आमचं मत आहे. शिकोकू बेटावरच्या ताकामात्सू शहरातून तिथे फेरीबोटीने सुमारे ५० मिनिटं लागतात, होन्शू बेटावरच्या उनो बंदरातून २० मिनिटं. मियानोउरा धक्क्यावरून गावची बस होनमुराच्या वस्तीतून त्सुत्सुजी-सो थांब्यापर्यंत जाते. तिथून पुढे बेनेस्से हाउस, ली उफान संग्रहालय आणि चिचू संग्रहालयाकडे मोफत शटल बस मिळते. एवढी सोय असताना गटाच्या गतीने चालण्यात तोटाच आहे, कारण चिचूत प्रत्येकाला वेगवेगळा वेळ लागतो. वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी जमिनीखाली बांधलेल्या या संग्रहालयात मोने, जेम्स टरेल आणि वॉल्टर डे मारिया या तीन कलाकारांचीच कामं आहेत आणि ती बहुतांशी नैसर्गिक उजेडात दिसतात. ढग सरकला की खोली बदलते. असं काही पाहताना कुणी घड्याळ दाखवू नये.

तेशिमा आणि इनुजिमा एका दिवसात करायचे असतील तर मात्र सहल पैसे वसूल करते. या दोन बेटांमधल्या बोटी दिवसातून मोजक्याच असतात आणि त्या लहान असतात. एक भरून सुटली की पुढची गाठेपर्यंत इनुजिमावरचं दार बंद झालेलं असतं. उत्सवाच्या अधिकृत सहलींत यासाठी स्वतंत्र बोट ठरवलेली असते, त्यामुळे धक्क्यावरच्या रांगेचा प्रश्नच येत नाही. ओशिमासाठी गाइड घ्यावा तो वेगळ्या कारणाने, त्याबद्दल पुढे.

मेगिजिमा आणि ओगिजिमा ही जोडी स्वतःच करावी. ताकामात्सूहून एकच फेरीबोट आधी मेगिजिमाला (सुमारे २० मिनिटं) आणि मग ओगिजिमाला (एकूण ४० मिनिटं) जाते. ओगिजिमाच्या बंदरातच शिल्पकार जॉमे प्लेन्सा यांचं पांढऱ्या अक्षरांच्या छताचं काम लागतं. पुढचं गाव उताराला बिलगलेलं आहे आणि गल्ल्या अरुंद व पायऱ्यापायऱ्यांच्या. तिथे वीस जणांच्या गटापेक्षा एकट्याने भटकणं सुखाचं.

हंगाम निवडताना

उत्सव सलग चालत नाही. २०२५ मध्ये वसंत हंगाम १८ एप्रिल ते २५ मे, उन्हाळा १ ते ३१ ऑगस्ट आणि शरद ३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर असा होता. तीन वर्षांचा क्रम धरला तर पुढची आवृत्ती २०२८ची. सगळी बेटं सगळ्या हंगामांत नसतात, आणि इथे पुष्कळ जण फसतात. होनजिमा, ताकामिजिमा, आवाशिमा आणि इबुकिजिमा ही पश्चिमेकडची बेटं शरदात असतात. शामिजिमा वसंतात. (भराव घालून ते मुख्य भूमीला जोडलेलं असल्याने तिथे बोट लागतच नाही.) नाओशिमा, तेशिमा, मेगिजिमा, ओगिजिमा, शोदोशिमा, ओशिमा आणि इनुजिमा तिन्ही हंगामांत असतात.

ऑगस्टचा उकाडा दमट आणि अंगावर येणारा असतो, शिवाय बेटांवर सावली कमी. महिन्याच्या मध्यावर ओबोनच्या (पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या) सुट्ट्या येतात. वसंतात २९ एप्रिल ते ५ मेचा सुट्ट्यांचा आठवडा टाळा. त्या दिवसांत फेरीबोटीसाठीही रांगा लागतात. निवड हातात असेल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतरचे आठवड्याचे कामाचे दिवस घ्या. त्यातही बंद दिवस तपासा. उत्सव नसताना नाओशिमावरची बहुतेक संग्रहालयं सोमवारी आणि तेशिमावरची मंगळवारी बंद असतात; उत्सवात हे वेळापत्रक बदलतं आणि बेटागणिक वेगळं असतं.

बुकिंग करण्याआधी

सहलीचं पान वाचताना बेटांच्या संख्येला भुलू नका. तीन बेटांची सहल दोन बेटांच्या सहलीपेक्षा भरगच्च वाटते, पण प्रत्येक बेटावर प्रत्यक्ष किती तास मिळतात ते मोजा. दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर धक्का, एक-दोन घरं आणि परत, एवढंच होतं. मग हे पाहा:

– गाइड कोणत्या भाषेत बोलणार? बऱ्याच सहली जपानीत असतात, इंग्रजीच्या वेगळ्या.
– बेटावरची बस आणि जेवण किमतीत आहे का?
– प्रवेश शुल्क धरलंय, की उत्सवाचा पासपोर्ट (एकत्र तिकीट) स्वतः घ्यायचा? आणि पासपोर्टात न येणाऱ्या संग्रहालयांचं काय?
– किमान संख्या भरली नाही, किंवा वाऱ्यामुळे बोट सुटली नाही, तर पैसे कसे आणि कधी परत?
– सहल जिथे सुरू होते तिथेच संपते का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ताकामात्सू शिकोकूवर आहे आणि उनो होन्शूवर, ओकायामाच्या बाजूला. मुक्काम एकीकडे आणि सहलीचा शेवट दुसरीकडे असेल तर संध्याकाळी समुद्र पुन्हा ओलांडावा लागतो.

शाकाहारी असाल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आणि ‘मासे नकोत’ एवढ्यावर थांबू नका. या भागातल्या उदोनचा (गव्हाच्या जाड नूडल्सचा) रस्सा सुकवलेल्या बारीक माशांपासून करतात आणि त्यासाठी इबुकिजिमाचे मासे प्रसिद्ध आहेत. वाडग्यात मासा दिसत नसला तरी रश्श्यात तो असतो. जेवणाचे डबे आधी मागवलेले असतात. बेटावर पोचल्यावर ऐनवेळी बदल होत नाही. सोबत स्वतःचा शिधा असावाच.

पासपोर्ट म्हणजे बहुतेक कलाकृतींचं एकत्र तिकीट. मात्र चिचू आणि तेशिमा कला संग्रहालयासाठी वेळ ठरवून ऑनलाइन नोंदणी करावी लागते. स्वतः जाणार असाल तर नोंदणीची वेळ बोट धक्क्याला लागण्याच्या वेळेपासून किमान एक तास पुढची घ्या. उतरणं, बसची रांग आणि चढ यातच तो तास जातो. सहलीने जाणार असाल तर ही नोंदणी आयोजक करणार की तुम्ही, हे लेखी विचारून घ्या. दोघंही एकमेकांवर विसंबून राहिले तर दारातून परत फिरावं लागतं.

पिशवीत काय

सूटकेस नको. लहान बोटींवर आणि बेटावरच्या बसमध्ये तिला जागा नसते. ताकामात्सू स्थानकात नाण्यांचे लॉकर आहेत, पण उत्सवाच्या दिवसांत ते सकाळीच भरतात. सामान हॉटेलातच ठेवणं बरं. पायात लेस नसलेले, पटकन काढता येणारे बूट हवेत. जुन्या घरांतल्या कलाकृतींत शिरताना प्रत्येक वेळी बूट काढावे लागतात आणि दहा घरं म्हणजे दहा वेळा वाकणं. मोजे धड असू द्या. येनच्या नोटा आणि सुटी नाणी घ्या, कारण एटीएम फार कमी आहेत आणि छोट्या बेटांवर एखादं दुकान असलंच तर ते कार्ड घेईल याचा भरवसा नाही. पाणी किमान एक लिटर. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, डेकवर छत्री टिकत नाही.

धक्क्यावर

सहलीची वेळ ही बोट सुटण्याची वेळ असते. अर्धा तास आधी पोचा, कारण ताकामात्सू बंदरात धक्के अनेक आहेत आणि फेरीबोटीची व वेगवान बोटीची जागा वेगळी असते. बंदराचं नावही नीट पाहा. नाओशिमाला मियानोउरा आणि होनमुरा, तेशिमाला इएउरा आणि काराटो, आणि शोदोशिमाला तर तोनोशो, इकेदा, साकाते, फुकुदा अशी एकमेकांपासून लांबलांबची बंदरं आहेत. ‘शोदोशिमाची बोट’ एवढंच पाहून चढणारा माणूस बेटाच्या भलत्याच टोकाला उतरतो.

समुद्र बहुधा शांत असतो. तरीही बोट लागत असेल तर वेगवान बोटीत मागच्या बाजूला बसा. पुढचा भाग जास्त आपटतो.

तेशिमा: इथे गाइडचं ऐका

तेशिमावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून औद्योगिक कचरा बेकायदा टाकला गेला. बेटावरच्या लोकांनी लांबलचक लढा दिला, २००० मध्ये तडजोड झाली आणि सुमारे ९ लाख टन कचरा व दूषित माती बोटींनी शेजारच्या नाओशिमावर नेऊन तिथे प्रक्रिया करण्यात आली. हे काम २०१७ पर्यंत चाललं. ही गोष्ट माहीत नसेल तर संग्रहालयाभोवतीची पुन्हा लागवडीखाली आणलेली भातखाचरं फक्त सुंदर देखावा वाटतात. चांगला गाइड हे बोटीवरच सांगून टाकतो, म्हणजे बेटावर नजर मोकळी राहते.

तेशिमा कला संग्रहालय कलाकार रेई नाइतो आणि वास्तुविशारद र्यूए निशिझावा यांचं. ते २०१० मध्ये उघडलं. साधारण ४० बाय ६० मीटरचं, खांब नसलेलं काँक्रीटचं पातळ कवच, वर दोन उघडी भोकं, आणि जमिनीतल्या सूक्ष्म छिद्रांतून उगवणारे पाण्याचे थेंब. आत फोटो काढता येत नाहीत, बोलायचं नाही, बूट बाहेर. जमिनीवर ठेवलेल्या चिमुकल्या पांढऱ्या चकत्या आणि गोळ्याही कलाकृतीचाच भाग आहेत. वर पाहत चालणाऱ्यांचा पाय नेमका त्यांवर पडतो. आत गेल्यावर आधी खाली पाहा, जागा निवडा आणि बसा. थेंब हलायला लागलेले कळायलाच पाच-सात मिनिटं जातात. सहलीत इथे पाऊण तासापेक्षा कमी वेळ दिला असेल तर ती सहल घेऊ नका, बाकी कितीही चांगली असली तरी.

ख्रिस्तियान बोल्तान्स्की यांचं हृदयाच्या ठोक्यांचं संग्रहालय काराटोच्या बाजूला समुद्रकाठी आहे. स्वतःचे ठोके नोंदवायचे असतील तर वेगळं शुल्क आणि वेगळा वेळ लागतो; गटासोबत ते बहुधा जमत नाही. त्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवून इएउरात विजेवर चालणारी सायकल भाड्याने घ्या. साधी घेऊ नका, मधला चढ दमवतो. सायकली आधी राखून ठेवाव्यात.

ओशिमा

ओशिमावर १९०९ पासून कुष्ठरोग्यांचं आरोग्यधाम आहे. बरे झालेल्यांनाही वेगळं ठेवणारा कायदा जपानने १९९६ मध्ये रद्द केला. तोवर कित्येकांचं अख्खं आयुष्य या बेटावर गेलं होतं. वयोवृद्ध रहिवासी आजही तिथे राहतात. ताकामात्सूहून जाणारी बोट मोफत आहे. उत्सवाचे स्वयंसेवक, ज्यांना कोएबी-ताई म्हणतात, इथे गाइड म्हणून फिरवतात आणि त्यांच्यासोबतच फिरावं. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा कमी दिसणाऱ्यांसाठी आहेत आणि वाटेत ऐकू येणारं संगीत अंधांना दिशा कळावी म्हणून लावलेलं आहे. कुणी सांगितलं नाही तर यातलं काहीच कळत नाही. इथे समुद्रातून वर आणलेलं शवविच्छेदनाचं टेबलही आहे. त्यासमोर गाइड गप्प राहिला तर प्रश्नांची घाई करू नका. रहिवाशांचे आणि त्यांच्या घरांचे फोटो काढू नका.

या बेटाला दुसरं काही जोडू नये. अर्धा दिवस पुरतो, पण उरलेला अर्धा मोकळाच ठेवा.

बोट रद्द झाली तर

वसंतात धुकं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात वादळं, ही दोन मुख्य कारणं. आधी वेगवान बोटी थांबतात, मोठ्या फेरीबोटी त्यानंतर. म्हणून हवा संशयास्पद असेल तर सहलीऐवजी नाओशिमाचा दिवस पुढे ओढा. तिथे मोठी फेरीबोट जाते. वादळाचा इशारा असेल तर बाहेरच्या कलाकृती बांधून किंवा काढून ठेवतात. कलाकार यायोई कुसामा यांचा नाओशिमाच्या धक्क्यावरचा पिवळा भोपळा (शिल्प) २०२१ च्या ऑगस्टमध्ये वादळात वाहून गेला होता आणि २०२२ मध्ये तिथे नवा बसवला गेला.

एकूण बेतात एक दिवस कोरा ठेवा, शक्यतो शेवटचा नव्हे तर मधला, म्हणजे रद्द झालेली सहल त्यावर ढकलता येते. तो दिवस मोकळाच राहिला तर ताकामात्सूत रित्सुरिन बाग आहे, तिला नोंदणी लागत नाही. शहराच्या पूर्वेला मुरे इथलं शिल्पकार इसामु नोगुची यांचं उद्यान-संग्रहालय मंगळवार, गुरुवार आणि शनिवारीच उघडतं आणि तेही आधी नोंदणी केली तरच, म्हणून ते ऐनवेळच्या पर्यायात धरू नका. परतीचं विमान किंवा शिनकानसेन (बुलेट ट्रेन) शेवटच्या बोटीच्या संध्याकाळी ठेवू नका. रात्र ताकामात्सूत किंवा ओकायामात काढा.