ट्रान्झिस्टर उलटा बसला होता

प्रीअँपमधला (क्षीण ध्वनी-सिग्नल वाढवणारं सर्किट) बीसी५४७ ट्रान्झिस्टर गेला, हाताशी २एन३९०४ होता. दोन्ही एनपीएन, म्हणजे एकाच जातीचे, म्हटलं चालेल. आवाज आला, पण खोल विहिरीतून यावा तसा आणि फाटका. कपॅसिटर बदलण्यात (उगाचच) संध्याकाळ गेली. शेवटी मल्टिमीटर लावला: ९ व्होल्ट सप्लायवर कलेक्टरला (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) साधारण ४.५ हवे, तिथे ८ च्या आसपास!

सपाट बाजू समोर, पाय खाली धरले की बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे नेमके उलट. बेस मधेच, म्हणून मल्टिमीटरच्या डायोड टेस्टमध्ये काहीच खटकलं नव्हतं. उलटा ट्रान्झिस्टरही थोडं काम करतो, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) मात्र नावालाच, तिथेच फसलो. काढून १८० अंशांत फिरवला, कलेक्टरला ४.६ व्होल्ट आले, आवाज स्वच्छ.