रोमच्या सान क्लेमेंतेमध्ये तीन थर कसे पाहावेत

कोलोसियमपासून पायी दहा मिनिटांच्या आत सान क्लेमेंतेचं चर्च लागतं. आजचं चर्च बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्याच्या पोटात चौथ्या शतकातली बॅसिलिका (खांबांच्या रांगांचं लांबट जुनं चर्च) आणि तिच्याही खाली पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या रोमन इमारती. नीट पाहायला दीड ते दोन तास हवेत.

आधी वेळा तपासा. दुपारी बहुधा चर्च बंद असतं आणि रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने खाली जाता येत नाही. वरचं चर्च विनामूल्य आहे, खालच्या भागाला तिकीट लागतं. गर्दीच्या दिवसांत ते आधीच ऑनलाइन काढावं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. खाली गारवा आणि ओल असते, म्हणून एक पातळ स्वेटर आणि न घसरणारे बूट बरे. पायऱ्या बऱ्याच आहेत. व्हीलचेअर खाली जात नाही.

बहुतेक लोक थेट खाली धावतात आणि चुकतात, कारण वरचं डोळ्यांत भरून घेतल्याशिवाय खालचं उलगडत नाही. वर मधल्या दालनात उभं राहून दिशा पक्की करा: प्रवेशद्वार कुठे, वेदी कुठे. मग वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवरचं बाराव्या शतकातलं मोझेक पाहा. क्रूसावर बारा पांढरी कबुतरं आहेत आणि त्याच्या पायथ्याशी उगवलेली वेल वळणं घेत सगळी सोनेरी पार्श्वभूमी व्यापते. छोटी दुर्बीण असेल तर वेलीच्या वेटोळ्यांतली माणसं आणि पक्षी दिसतात. बाजूच्या रस्त्यावरच्या दाराने आत आला असाल, तर डावीकडचं सेंट कॅथरीनचं चॅपल मागे राहून जातं. तिथली मासोलिनो या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराची भित्तिचित्रं चुकवू नका.

खाली उतरलात की डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे वही जवळ असलेली बरी. वरची बॅसिलिका खालचीपेक्षा अरुंद आहे, म्हणून तिच्या पायाच्या भिंती जुन्या दालनाला मधूनच कापत जातात. या भिंती जुन्या चर्चच्या नाहीत, हे ओळखलं की गोंधळ संपतो. अकराव्या शतकाच्या अखेरच्या चित्रांत सिसिनियस या दंतकथेतल्या रोमन सरदाराचं शोधा. ज्यांच्या नावाचं हे चर्च, त्या संत क्लेमेंतला ओढतोय असं समजून त्याचे नोकर दगडी खांब ओढताहेत, आणि शेजारी धन्याने त्यांना हासडलेली शिवी लोकांच्या बोलीत लिहिली आहे. लिखित इटालियनच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. ती अक्षरं जवळून पाहाच. इथेच स्लाव्ह लोकांत ख्रिस्ती धर्म पोहोचवणाऱ्या सेंट सिरिलचं स्मारक आहे. 869 मध्ये त्यांचं निधन रोममध्ये झालं.

आणखी एक जिना उतरला की एक चिंचोळी गल्ली येते. एका बाजूला विटांचं घर, दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या दगडी ठोकळ्यांची इमारत. दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने पाहा. बांधकामातला फरक डोळ्यांना लगेच कळतो. घरातच मिथ्र या रोमन काळात गुप्तपणे पुजल्या जाणाऱ्या देवाचं देवघर आहे: दोन्ही बाजूंना दगडी बाक, मध्ये बैल मारणाऱ्या मिथ्राचं शिल्प असलेली वेदी. जाळीबाहेरूनच पाहावं लागतं, त्यामुळे गटाला पुढे जाऊ द्या आणि मग निवांत उभे राहा.

सगळीकडे पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. 1857 मध्ये डोमिनिकन या ख्रिस्ती साधुसंघातल्या आयरिश फादर मुलूली यांनी खोदकाम सुरू केलं आणि पुढे खालच्या खोल्या पाण्याने भरल्या. 1912 ते 1914 दरम्यान बोगदा खणून ते पाणी बाहेर काढलं गेलं.

वर परतल्यावर लगेच निघू नका. गायकांसाठीचा संगमरवरी कठडा खालच्याच बॅसिलिकेतून वर आणून जोडला आहे. त्याच्या पट्ट्यांवर पोप दुसरे जॉन (533 ते 535) यांचं नाममुद्रेचं चिन्ह आहे. आधी नुसताच नक्षीदार वाटलेला हा दगड मूळ कुठे उभा होता, हे आता तुम्हाला ठाऊक असतं.