आजी युद्धात होती पण कागदावर सापडत नाहीये? मग हे करून बघा

बऱ्याच घरांत एक फोटो असतो, खाकी साडीतली आजी, खांद्यावर पट्टी, आणि "ती मिल्ट्रीत होती बरं का" एवढंच सगळ्यांना माहीत. दुसऱ्या महायुद्धात 1942 साली विमेन्स ऑक्झिलरी कोअर (ब्रिटिश हिंदी लष्कराचं बायकांचं मदतनीस दल) निघाली, टेलिफोन, टायपिंग, सायफर म्हणजे गुप्त लिपीतले संदेश, गाड्या चालवणं असली कामं आपल्याकडच्या बायकांनी केली, 1947 ला ते दलच गुंडाळलं आणि बायका घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या.

पहिलं म्हणजे मागायचं काय ते ठरवा. पेन्शन, मेडल, की नुसती लेखी नोंद? माझं मत विचाराल तर आजी हयात नसेल तर आधी लेखी नोंदीच्याच मागे लागा, ती हातात आली की पुढचं मागायला तोंड असतं.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच सगळे चुकतात. आपण अर्जात लिहितो की आजीने किती कष्ट केले, बॉम्ब पडत असताना कशी ड्युटी केली वगैरे. ऑफिस ते वाचत नाही हो. ऑफिस बघतं की ती कोण म्हणून तिथे होती. अमेरिकेतली हॅरिएट टबमन घ्या, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेली बाई, तिथल्या यादवी युद्धात 1863 मध्ये कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत तिने वाट दाखवली आणि 700 च्या वर गुलाम सुटले, एवढं करून पैशासाठी तिला तीसेक वर्षं भांडावं लागलं. तिने शपथेवर लिहून दिलं की तीन वर्षं नर्स आणि स्वयंपाकी होते, शिवाय आठ-नऊ हेरांची प्रमुख होते. मागितले 1800 डॉलर. 1899 ला मिळाले महिना 20, आणि सिनेटच्या समितीचा हिशोब काय तर सैनिकाची विधवा म्हणून 8 आणि नर्सचे 12. हेरगिरीचं शून्य! कारण त्या कामाचा रीतसर हुद्दाच नव्हता.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या अमेरिकन टेलिफोन ऑपरेटर मुलींचं पण तेच, शपथ घेतली, युनिफॉर्म घातला, आणि परत आल्यावर ऐकलं की तुम्ही तर सिव्हिलियन. त्यांना सैनिक मानणारा कायदा झाला 1977 ला, तोवर बहुतेकजणी गेल्या होत्या. काम चांगलं केलं याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, अडलं ते फक्त "सैनिक का सिव्हिलियन" यावर.

म्हणून ट्रंका उघडा आणि हे शोधा: डिस्चार्जचा कागद, पे-बुक, सर्व्हिस नंबर, नेमणुकीची ऑर्डर, युनिटचा पत्ता असलेली पत्रं. फोटोच्या मागची बाजू पण बघा, बिल्ला दिसत असेल तर मोठा करून स्कॅन करा. आणि हयात असेल तर आजीला आजच बसवून रेकॉर्ड करा, "कसं वाटलं" हे नंतर विचारा, आधी साहेबाचं नाव, गाव, पगार, शेजारच्या कॉटवर कोण होतं ते विचारा.

मग नावाचा घोळ, हा खास आपला. रेकॉर्ड असतं माहेरच्या नावाने, आणि लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने आडनावच काय, नाव पण बदललेलं. आम्ही वर्षभर "सुमती" शोधत बसलो आणि आजी तिथे "द्वारका" होती! शाळा सोडल्याचा दाखला काढा, लग्नपत्रिका असेल तर उत्तमच, आणि दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या.

हे जमलं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते विचारा. संरक्षण खात्याला आरटीआय टाका, फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर अपील कराच, घाबरू नका. प्रश्न नेमका हवा, म्हणजे "माहिती द्या" असं नाही तर "या नावाची, या नंबरची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये आहे, रजिस्टर नष्ट केलं असेल तर त्या आदेशाची प्रत द्या". दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे (भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे) कागद हे पण रस्ते आहेत. आजी युद्धात वारली असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची (युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) यादी ऑनलाइन फुकट बघता येते, त्यात 1947 अखेरपर्यंतचे मृत्यू आहेत.

आजी आझाद हिंद सेनेत, राणी झाशी रेजिमेंटमध्ये असेल तर दारच वेगळं, ते स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत येतं आणि ते गृहखात्याकडे. चुकीच्या खात्याला अर्ज गेला की सहा महिने असेच जातात.

अर्ज एका पानाचा ठेवा. वर दोन्ही नावं, नंबर, दल, तारखा, खाली एकच मागणी. आजीची गोष्ट वेगळ्या पानावर जोडा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, अगदी "साहेब बघून परत देतील" म्हटलं तरी, आणि झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.